‘दोनशे रुपयांत सगळं टाकून देतो’

२००५च्या सुमारास आमच्या यवतमाळ जिल्ह्यात तालुक्याच्या गावी कॉम्प्युटर रडायला लागला की उपाय एकच होता, फॉर्मॅट मारणं. पोरगा सीडींचं पाकीट घेऊन यायचा, ‘दोनशे रुपयांत सगळं टाकून देतो भाऊ’ म्हणायचा आणि खरंच सगळं टाकायचा. विंडोज एक्सपी, ऑफिस, फोटोशॉप, कोरल ड्रॉ. परवाना वगैरे शब्द कोणाच्या कानावरही नव्हता. ओपन सोर्स, म्हणजे ज्याचा मूळ कोड कोणालाही पाहता, बदलता आणि वाटता येतो असं सॉफ्टवेअर, आमच्याकडे उशिरा का पोचलं याचं उत्तर लोक इंटरनेटच्या अभावात शोधतात. माझ्या मते खरं कारण ते पाकीट आहे. लाखाचं सॉफ्टवेअर दोनशेत मिळत असताना फुकटचं कोण मागेल?

बाहेरच्या जगात तेव्हा हे सगळं सुरू होऊन बराच काळ झाला होता. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये मुक्त सॉफ्टवेअर घडवण्याचा ग्नू प्रकल्प जाहीर केला. नेटस्केपने १९९८ मध्ये आपल्या ब्राउझरचा कोड खुला केला, त्याच वर्षी ‘ओपन सोर्स’ हे नाव रूढ झालं आणि त्या कोडमधून पुढे २००४ मध्ये फायरफॉक्स १.० हा ब्राउझर आला. आमच्या पोराच्या पाकिटात मात्र यातलं काही नव्हतं.

पहिली फट पाडली व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरने. लग्नाची सीडी लावावी तर आवाज येई, चित्र नाही; कधी चित्र येई तर आवाज नाही. विंडोजच्या प्लेअरला नेमका तोच कोडेक, म्हणजे व्हिडिओ उलगडणारा तुकडा, नसायचा. व्हीएलसी आपले कोडेक सोबतच घेऊन फिरतं, म्हणून ते टाकलं की नवरदेव बोलायला लागायचा. याचा जन्म १९९६चा, पॅरिसजवळच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयातला. कॅम्पसचं नेटवर्क जुनं होतं, गेम खेळताना रखडायचं. नवं नेटवर्क मागायला काहीतरी भारदस्त कारण हवं, म्हणून पोरांनी उपग्रहावरचा टीव्ही नेटवर्कवरून दाखवण्याचा प्रकल्प हाती घेतला. २००१ मध्ये तो मुक्त परवान्याखाली बाहेर आला. त्यांनी गोळा केलेले रस्त्यावरचे शंकू हेच पुढे चिन्ह झालं. आमच्याकडे नाव कोणाला येत नाही, पण ‘ते शंकूवालं टाक’ म्हटलं की कळतं. २०२२ मध्ये व्हीएलसीचं संकेतस्थळ भारतात कित्येक महिने बंद होतं. तेव्हाही शंकू पेन ड्राइव्हवरून गावोगाव फिरतच राहिला. फाइली दाबून लहान करणारं मुक्त सेव्हन-झिप १९९९ पासून असूनही मागे पडलं, कारण तेच काम करणारं, चाळीस दिवस फुकट वापरायचं विनरार आमच्याकडे वर्षानुवर्षं चाळीस दिवसांचंच राहिलं.

ऑफिसची गोष्ट जास्त वळणाची आहे. १९८५च्या सुमारास जर्मनीत मार्को बोरिस या शाळकरी पोराने स्टार डिव्हिजन नावाची कंपनी काढली. तिचं स्टारऑफिस, म्हणजे एमएस ऑफिससारखंच सॉफ्टवेअर, १९९९ मध्ये सन या अमेरिकी संगणक कंपनीने घेतलं, वर्षभरात कोड खुला केला आणि ओपनऑफिस जन्मलं. २०१० मध्ये सन ओरॅकल या दुसऱ्या बड्या कंपनीच्या ताब्यात गेली, तेव्हा धास्तावलेल्या मंडळींनी वेगळी चूल मांडली. तीच आजची लिबरऑफिस. त्यामुळे जुन्या सवयीने कोणी ओपनऑफिस सुचवलं तर ऐकू नका, नव्या सुधारणांचं काम आता मुख्यतः लिबरऑफिसवर होतं. माझी त्याच्याशी पहिली गाठ पडली ती संगणक मासिकासोबत आलेल्या सीडीवर. दीडेकशे एमबी डाउनलोड करायला बसावं आणि निम्म्यावर लोडशेडिंग व्हावं, असे ते दिवस होते.

दरम्यान २००८ मध्ये मायक्रोसॉफ्टने बनावट एक्सपीचा वॉलपेपर तासातासाला काळा करायला सुरुवात केली. यावर फॉर्मॅटवाल्यांनी सोपा तोडगा काढला, अपडेटच बंद करून टाकायचे. त्याची खरी किंमत कळली मे २०१७ मध्ये, फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारं वॉनाक्राय आलं तेव्हा. ते ज्या छिद्रातून शिरलं त्याची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने विंडोज ७सारख्या चालू विंडोजसाठी मार्चमध्येच दिली होती, पण अपडेट बंद असलेल्या मशीनपर्यंत ती जाणार कशी? नेट स्वस्त झालेलं, डाउनलोड जमू लागलेलं. त्यानंतर लोक स्वतःहून विचारायला लागले, ‘चोरीचं नको, पण चालेल असं काय आहे?’

मग मराठीचं काय? आमच्याकडे टायपिंग शिकलेल्यांची बोटं कृतिदेव या जुन्या फॉन्टवर बसलेली. तिथे पडद्यावर ‘क’ दिसतो, पण फाइलमध्ये साठतो इंग्रजी ‘डी’. फॉन्ट नसलेल्या मशीनवर अख्खा ठराव इंग्रजी अक्षरांचा गोपाळकाला होतो. प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणाऱ्या युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे, लिबरऑफिसमध्ये जोडाक्षरं लावण्याचं काम २०१७ पासून विंडोजवरही हार्फबझ हे मुक्त इंजिन करतं, लोहितसारखे मुक्त फॉन्टही आहेत. अडतं ते बोटांवर आणि जुन्या फाइलींवर.

विंडोज १०चे नेहमीचे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ला संपले आणि जुन्या मशीन घेऊन लोक पुन्हा दारात येऊ लागले. माझ्या पेन ड्राइव्हवर फायरफॉक्स, लिबरऑफिस, शंकूवालं, सेव्हन-झिप, लोहित एवढंच असतं. कृतिदेवच्या जुन्या फाइली असतील तर तो फॉन्ट काढू नका म्हणून सांगतो. नवा मजकूर तेवढा युनिकोडमध्ये करा. बहुतेक जण मान डोलावतात आणि दुसऱ्या दिवशी कृतिदेवमध्येच टाइप करतात.