नॉमिनी आणि जॉइंट खातेदार: आईबाबांचं खातं नेमकं कोण चालवू शकतं?

"आईच्या खात्याला माझं नाव आहे," असं कुणी म्हटलं की त्याला आधी विचारावं: कोण म्हणून आहे? नॉमिनी म्हणून की जॉइंट खातेदार म्हणून? बऱ्याच जणांना हे सांगता येत नाही. आई स्वतः रिक्षा करून बँकेत जाते, पासबुक भरून आणते, तोवर सांगता येण्याची गरजही पडत नाही. मग एक दिवस ती बाथरूममध्ये घसरते, खुब्याचं हाड मोडतं, हॉस्पिटल डिपॉझिट मागतं आणि काउंटरमागचा माणूस म्हणतो, "तुम्ही नॉमिनी आहात. पैसे देता येणार नाहीत."

त्याच्यावर चिडून उपयोग नाही, कारण तो बरोबर बोलतोय. खातेदार जिवंत असेपर्यंत नॉमिनीला खात्यावर कसलाच हक्क नसतो. चेकवर सही, एफडी मोडणं, मोबाईल नंबर बदलणं, केवायसीचे कागद भरणं यातलं काहीही त्याला करता येत नाही. शिल्लक किती आहे हे सांगायलाही बँक बांधील नाही. उलट सांगितलं तर तो खातेदाराच्या गोपनीयतेचा भंग ठरेल. दोन वर्षं खातेदारानं स्वतः काही व्यवहार केला नाही म्हणून खातं निष्क्रिय झालं, तर ते पुन्हा सुरू करून घेणंही नॉमिनीच्या हातात नाही.

नॉमिनीचं काम सुरू होतं ते मृत्यूनंतर. बँकिंग नियमन कायदा १९४९ मधल्या ४५ झेडए कलमानुसार बँक नॉमिनीला पैसे देते आणि आपल्या जबाबदारीतून मोकळी होते. वारसा दाखला, कोर्टाच्या फेऱ्या यातून सुटका होते, हा त्याचा खरा फायदा. पण नॉमिनी त्या पैशाचा मालक होत नाही. सर्वोच्च न्यायालयानं २०१० मध्ये हे स्पष्ट केलं आहे: नॉमिनीनं पैसे घ्यायचे ते सगळ्या वारसांच्या वतीनं. धाकट्याचं नाव नॉमिनी म्हणून लागलं म्हणून थोरल्याशी अबोला धरणाऱ्या घरांनी हे एकदा वाचावं. आणि १ नोव्हेंबर २०२५ पासून ठेवींना चार जणांपर्यंत नॉमिनी ठेवता येतात, प्रत्येकाचा हिस्सा टक्क्यांत ठरवून किंवा एकापाठोपाठ एक अशा क्रमानं. त्यामुळे या कारणावरून भांडायलाही आता फारसा वाव उरलेला नाही.

जॉइंट खातेदार मात्र पहिल्या दिवसापासून खातेदार असतो. तरी इथेही एक गोम आहे, आणि ती फॉर्मवरच्या एका चौकटीत दडलेली असते: खातं कुणाच्या सहीनं चालणार? 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' असेल तर दोघांपैकी कुणाही एकाच्या सहीनं व्यवहार होतो आणि एक गेला तर दुसऱ्याला पैसे मिळतात. 'जॉइंटली' असेल तर प्रत्येक वेळी दोघांच्या सह्या. 'फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर' असेल तर पहिलं नाव ज्याचं, तो हयात असेपर्यंत त्याचीच सही चालते. म्हणजे तुमचं नाव पासबुकावर छापलेलं आहे, केवायसी झालेलं आहे, तरी आई आयसीयूत असताना तुमची अवस्था नॉमिनीसारखीच. एफडीच्या पावत्यांवर ही पद्धत सर्रास दिसते, आणि फॉर्म भरताना ती चौकट कुणी मोठ्यानं वाचून दाखवत नाही.

एफडीत आणखी एक पेच आहे. 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' एफडी मुदत संपल्यावर कुणीही एक जण उचलू शकतो. मुदतीआधी मोडायची असेल तर दोघंही हयात असताना बँका दोघांच्या सह्या मागतात. एक जण गेल्यावर उरलेल्याला ती मुदतीआधी मोडता यावी, यासाठी दोघांनी मिळून आधीच लेखी संमती देऊन ठेवलेली लागते. नसेल तर मृताच्या वारसांची संमती लागते. हा कागद सही करायला दोन मिनिटांचा आहे. पण बँक तो आपणहून पुढे करेलच असं नाही, मागून घ्यावा.

मृत्यूनंतरच्या बाजूला मात्र नॉमिनी आणि जॉइंट खातेदार यांत लोक समजतात तेवढा फरक नाही. उरलेला जॉइंट खातेदारही पैसे घेतो ते, रिझर्व्ह बँकेच्या भाषेत, वारसांचा विश्वस्त म्हणून. "जॉइंट आहे म्हणजे पैसे माझेच" हा समज नॉमिनीच्या समजाइतकाच कच्चा आहे. खरा फरक आहे तो त्याआधीच्या काळात, आईबाबा आहेत पण बँकेत जाऊ शकत नाहीत त्या महिन्यांत, कधी कधी वर्षांत. आणि घरात चर्चा मात्र नेहमी "माझ्यानंतर कोणाला" याचीच होते.

मग सगळीच खाती 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' करून टाकावीत का? माझं मत नाही असं आहे. ज्याच्या एका सहीवर पैसे निघतात तो सगळेच पैसे काढू शकतो, आणि बँक त्याला अडवणार नाही. मुलाचं कर्ज थकलं, जप्ती आली, तर आईचे पैसे त्या खात्यात सापडतात आणि मग ते तिचेच आहेत हे सिद्ध करत बसावं लागतं. मला पटलेली वाटणी अशी: घरखर्च, औषधं, बाईचा पगार आणि अचानक हॉस्पिटल लागलं तर पुरेल एवढी रक्कम एका 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' बचत खात्यात. मोठ्या ठेवी आईच्या नावावर, नॉमिनी लावून, किंवा 'फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर'. पहिलं नाव आईचंच ठेवावं. ज्येष्ठ नागरिकांचा जादा व्याजदर पहिल्या नावावरून ठरतो. केंद्र सरकारी पेन्शनचं खातं जोडीदाराबरोबर जॉइंट ठेवता येतं आणि ते जरूर ठेवावं, कारण पुढे फॅमिली पेन्शनसाठी बँकेला जोडीदाराला नवं खातं उघडायला सांगता येत नाही.

मुलं परदेशात असतील तर? निवासी भारतीयाच्या खात्यात परदेशात राहणाऱ्या जवळच्या नातेवाईकाचं नाव 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' म्हणून लावायला रिझर्व्ह बँकेची परवानगी आहे. अट अशी की त्यानं ते आईबाबांच्या वतीनं, देशातल्या खर्चासाठीच चालवायचं. स्वतःचे पैसे त्यात फिरवायचे नाहीत.

बऱ्याच घरांत यातलं काहीच नसतं. आईचं एटीएम कार्ड मुलाच्या पाकिटात, पिन सुनेला पाठ, ओटीपी येणारा फोन नातवाकडे. चालतंय तोवर चालतं. पण नियमानं पिन दुसऱ्याला द्यायचाच नसतो, आणि आई गेल्यावर त्या कार्डानं काढलेल्या प्रत्येक रकमेचा हिशोब भावंडं मागू शकतात.

वेळ निघून गेली असेल, म्हणजे आई अंथरुणाला खिळली आणि तुम्ही फक्त नॉमिनी आहात, तरी शुद्ध असेल तर रस्ता आहे. सही होत नसेल तर हाताच्या किंवा पायाच्या अंगठ्याचा ठसा चालतो. दोन साक्षीदारांनी तो ओळखायचा, त्यांतला एक बँकेचा जबाबदार अधिकारी. ठसाही जमत नसेल तर नुसती खूण चालते. पैसे कोण घेऊन जाईल हेही ती सांगू शकते. सत्तरीपुढच्या आणि आजारी ग्राहकांना घरी सेवा देण्याच्या सूचना रिझर्व्ह बँकेनं २०१७ मध्येच दिल्या आहेत. त्यांचा उल्लेख करून शाखा व्यवस्थापकाला लेखी अर्ज द्या आणि पोचही घ्या.

शुद्धच हरपली असेल, स्मृतिभ्रंश पुढच्या टप्प्यावर गेला असेल, तर गोष्ट अवघड आहे. आता जॉइंट नाव लावता येत नाही, कारण त्याला तिची समजून दिलेली संमती हवी. आधी केलेलं मुखत्यारपत्रही (पॉवर ऑफ अॅटर्नी) कामाला येत नाही: करार कायदा १८७२ च्या कलम २०१ नुसार देणाऱ्याची मानसिक क्षमता गेली की मुखत्यारी सर्वसाधारणपणे संपते. कोमातल्या रुग्णांच्या नातेवाइकांना अशा वेळी उच्च न्यायालयात जाऊन पालक म्हणून नेमणूक मिळवावी लागली आहे.

त्यामुळे आज करायचं ते एवढंच: आईचं पासबुक आणि एफडीच्या पावत्या समोर घ्या. नॉमिनी लावला असेल तर तशी नोंद पासबुकावर छापलेली असते. ती नसेल तर शाखेत फॉर्म भरा. पावतीवर दोन नावं असतील तर खाली बारीक अक्षरांत 'ई ऑर एस' (आयदर ऑर सर्व्हायव्हर) आहे की 'एफ ऑर एस' (फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर) ते बघा. बदलायचं असेल तर सगळ्या खातेदारांच्या सह्या लागतात, म्हणून आईचा हात सहीला स्थिर आहे तोवर तिला बरोबर घेऊन जा.