शू बेईहोंग शांतिनिकेतनात : एका मुक्कामाची पूर्वपीठिका

डिसेंबर १९३९. चीन-जपान युद्ध पेटून अडीच वर्षं होत आली होती. चीनची राजधानी नानजिंग जपान्यांच्या हाती पडली होती. त्या शहरातल्या केंद्रीय विद्यापीठात चित्रकला शिकवणारे चिनी चित्रकार शू बेईहोंग अशा वेळी बोलपूरजवळच्या शांतिनिकेतनात पाहुणे म्हणून दाखल झाले आणि पुढचं जवळपास वर्षभर भारतात राहिले. नामवंत कलाकाराला विद्यापीठाने बोलवावं, त्याने तिथे राहून काम करावं, ही गोष्ट आज सवयीची झाली आहे. शू यांचा मुक्काम मात्र एका निमंत्रणपत्राने जमून आलेला नव्हता. त्याआधी पंधरा वर्षं माणसं इकडून तिकडे जात-येत होती, आणि मला या जाण्यायेण्याचं मोल मुक्कामाइतकंच वाटतं.

पाहुण्या कलाकाराला घरात ठेवून घेण्याची रीत टागोरांकडे जुनी होती. १९०३ मध्ये योकोयामा ताइकान आणि हिशिदा शुन्सो हे जपानी चित्रकार कोलकात्यात आले होते. रवींद्रनाथांचे चित्रकार पुतणे अवनींद्रनाथ यांनी ताइकान यांचं काम जवळून पाहिलं आणि त्यातून त्यांची धुवट, पाणीदार रंगलेपनाची पद्धत घडली. पुढे १९१९ मध्ये शांतिनिकेतनात कलाभवन हे कलाशिक्षणाचं केंद्र सुरू झालं, १९२१ मध्ये विश्वभारती विद्यापीठाची रीतसर स्थापना झाली. ‘यत्र विश्वं भवत्येकनीडम्’, म्हणजे जिथे सगळं विश्व एका घरट्यात येतं, हे तिचं ब्रीद. व्हिएन्नात शिकलेल्या स्टेला क्रामरिश तिथे कलेतिहासावर बोलत, पॅरिसच्या आंद्रे कार्पेलेस चित्रकला आणि लाकडी छाप्यांचं काम शिकवत. आपल्याकडचे भीमराव शास्त्री तिथे गायन शिकवत होते आणि मराठी चित्रकार विनायक मासोजी कलाभवनाचे प्रमुख चित्रकार नंदलाल बसूंच्या सुरुवातीच्या विद्यार्थ्यांपैकी. परक्या मुलखातला माणूस झाडाखाली बसून काम करतो आहे आणि मुलं भोवती उभी आहेत, याचं तिथे कुणाला नवल वाटत नसे.

चीनचा धागा १९२४ चा. त्या वर्षी रवींद्रनाथ चीनला गेले, तेव्हा नंदलाल बसू आणि क्षितिमोहन सेन बरोबर होते. स्वागत मोठं झालं, पण सगळ्यांनी केलं असं नाही. आधुनिक विज्ञान आणि क्रांतीची ओढ लागलेल्या तरुणांनी त्यांच्याविरुद्ध पत्रकं वाटली. दुभाषा होता शू झिमो हा तरुण कवी. १९२८ मध्ये तान युन-शान हे चिनी अभ्यासक शांतिनिकेतनात आले. त्यांच्या चिवट खटपटीतून १४ एप्रिल १९३७ रोजी चीनभवनाचं, म्हणजे तिथल्या चिनी भाषा-संस्कृतीच्या अभ्यासकेंद्राचं, उद्घाटन झालं. तीन महिने उलटायच्या आत जुलैत युद्ध सुरू झालं. रवींद्रनाथांनी जपानच्या आक्रमणाचा उघड निषेध केला आणि त्यापायी योने नोगुची या जुन्या जपानी कवीमित्राशी जाहीर पत्रांतून वादही पत्करला. १९३८ मध्ये भारतातून वैद्यकीय पथक चीनला गेलं. त्यातले आपले सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस चीनमध्ये जखमींवर शस्त्रक्रिया करत होते, त्याच काळात हा चिनी चित्रकार बंगालात कुंचला घेऊन बसला होता.

शू यांची घडण वेगळी. जन्म १८९५, यीशिंगचा. चित्रकलेचे पहिले धडे वडिलांकडून, मग पॅरिसच्या एकोल दे बोझार या कलाशाळेत कठोर शिक्षण. हाडामांसाचा माणूस नीट काढता आला पाहिजे, यावर ते अडून असत. १९२९ मध्ये शांघायच्या राष्ट्रीय प्रदर्शनाच्या निमित्ताने त्यांनी सेझान आणि मातिस या आधुनिक फ्रेंच चित्रकारांवर कडाडून टीका केली. उत्तर द्यायला उभा राहिला तोच शू झिमो, रवींद्रनाथांचा दुभाषा. असा वास्तववादाचा कैवारी नंदलालबाबूंच्या कलाभवनात आला, जिथे अजिंठ्याच्या रेषेचा आदर्श होता आणि तेलरंगातल्या युरोपीय पठडीला फारसं स्थान नव्हतं. दोघांचे मार्ग वेगळे होते, तरी रवींद्रनाथांनी आपल्या ढीगभर चित्रांमधून निवड करायचं काम याच दोघांवर मिळून सोपवलं.

शू यांची प्रदर्शनं शांतिनिकेतनात आणि कोलकात्यात भरली. विक्रीतून आलेला पैसा चीनमधल्या युद्धग्रस्तांसाठी होता. फेब्रुवारी १९४० मध्ये गांधीजी आणि कस्तुरबा आश्रमात आले, तेव्हा काही मिनिटांत शू यांनी गांधीजींचं रेखाचित्र उरकलं. रवींद्रनाथांचं व्यक्तिचित्र मात्र निवांत आहे : कवी खुर्चीत बसले आहेत, हातात वही आणि लेखणी, मागे दाट पानांचं झाड. चेहरा आणि दाढी पॅरिसच्या शिस्तीत बांधलेली, पानं मात्र चिनी शाईच्या ओल्या फटकाऱ्यात सोडून दिलेली. दोन शाळा एका कागदावर इतक्या सहज नांदताना क्वचित दिसतात.

पण या वर्षाचं खरं फळ म्हणजे ‘मूर्ख म्हातारा डोंगर हलवतो’. गोष्ट प्राचीन चिनी आहे. नव्वदीच्या म्हाताऱ्याच्या दारासमोर दोन डोंगर. तो मुलानातवंडांसह ते खणायला लागतो. लोक हसतात. तो म्हणतो, मी गेलो तर मुलगा खणेल, मग नातू. आमचा वंश वाढेल, डोंगर काही वाढणार नाही. (माओंनी १९४५ च्या भाषणात हीच गोष्ट सांगितली, त्याआधी पाच वर्षं ती कागदावर उतरली होती.) शू यांनी शांतिनिकेतनात माणसं समोर उभी करून अभ्यासचित्रं काढली आणि दार्जिलिंगच्या गारव्यात चार मीटरहून लांब शाईचित्र पुरं केलं. चित्रात उघडी, धिप्पाड माणसं दोन्ही हातांनी अवजार डोक्यावर उचलून घाव घालतात. पोट आत ओढलेलं, पाठीचे स्नायू ताणलेले. शरीरं आणि चेहरे भारतीय आहेत. म्हातारा चिनी, आणि त्याचा डोंगर खणणारी माणसं आपल्याकडची. आपल्या देशाच्या निकराच्या लढाईचं चित्र काढताना शू यांना तो जोर बंगालच्या त्या आवारात वावरणाऱ्या माणसांच्या अंगात सापडला.

१९४० सरता सरता ते सिंगापूरला गेले. ७ ऑगस्ट १९४१ ला रवींद्रनाथ वारले. ‘मूर्ख म्हातारा’ हे चित्र आज बीजिंगमधल्या शू बेईहोंग स्मारक संग्रहालयाच्या संग्रहात आहे.