गारठ्यातून ऊब उपसणारा पंप

बाहेर कडाक्याची थंडी, आणि त्याच थंड हवेतून उष्णता काढून घर उबदार ठेवायचं, असं सांगितलं की बरेच जण हसतात. त्यात जाहिरातीत '400 टक्के कार्यक्षमता' असं छापलेलं असतं, म्हणजे संशयाला जागाच जागा. नव्या घरात गॅस बॉयलर बसवायचा की हीट पंप, हा निर्णय मग ऐकीव गोष्टींवर होतो. खरं तर तो शाळेतल्या भौतिकशास्त्रावर बराचसा सुटतो.

बॉयलरचं काम सरळ आहे. गॅस जळतो, पाणी तापतं. चांगला कंडेन्सिंग बॉयलर धुरातल्या वाफेची सुप्त उष्णताही, म्हणजे वाफेचं पाणी होताना सुटणारी उष्णताही, वसूल करतो, तरी 100 युनिट गॅसमागे ऊब मिळते साधारण 90 युनिट.

हीट पंप उष्णता तयार करत नाही, उपसतो. 1852 मध्ये विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्विन, यांनी ही कल्पना मांडली होती. आजच्या अनेक पंपांत प्रोपेन खेळतो. वातावरणाच्या दाबाला तो उणे 42 अंशांवर उकळतो. बाहेरच्या युनिटमध्ये दाब साडेतीन बारच्या आसपास ठेवला (एक बार म्हणजे साधारण वातावरणाचा दाब) की उणे 10 अंशांवर. आता बाहेरची हवा शून्य अंशाची असली, तरी या प्रोपेनच्या लेखी ती पेटती चूलच! तिची उष्णता शोषून तो उकळतो, त्याची वाफ होते. कंप्रेसर ही वाफ 17 बारपर्यंत दाबतो. एवढ्या दाबाला प्रोपेन 50 अंशांवरच द्रव होतो, आणि होताना बाहेरून घेतलेली सुप्त उष्णता, शिवाय कंप्रेसरने केलेलं काम, सगळं घरातल्या पाण्याला देऊन टाकतो. पुढे एका झडपेतून जाताना त्याचा दाब उतरतो, तो पुन्हा गार होतो आणि चक्र सुरू राहतं.

विजेचा खर्च होतो तो या दाबण्यावर. तापमानांतली दरी जितकी रुंद, तितकं दाबणं महाग. आदर्श यंत्रात विजेच्या एका युनिटमागे किती युनिट ऊब मिळते, त्याचं गणित असं: गरम बाजूचं केल्विनमधलं तापमान भागिले दोन तापमानांतला फरक. बाहेर शून्य आणि पाणी 35 अंश असेल तर 308 भागिले 35, म्हणजे 8.8. पाणी 60 अंश हवं असेल तर 333 भागिले 60, म्हणजे जेमतेम 5.5. प्रत्यक्षात याच्या निम्म्याच्या आसपास हाती येतं. तेव्हा '400 टक्के' खोटं नाही, पण ते कोणत्या तापमानाला, हे जाहिरात सांगत नाही. आणि ही फुकटची ऊर्जाही नव्हे. तशी यंत्रं विकणाऱ्यांपासून चार हात लांबच राहावं.

वीज गॅसपासूनच बनते, मग फायदा काय, असा आक्षेप येतो. 100 युनिट गॅस चांगल्या वीजकेंद्रात जाळला तर सुमारे 50 युनिट वीज मिळते. पंपाने तिची तिप्पट केली तरी 150 युनिट ऊब. बॉयलर 90 वरच.

खिशाचं गणित मात्र वेगळं. विजेचं युनिट गॅसच्या चौपट महाग असेल, तर तिप्पट ऊब देणारा पंप बिलात हरतो. बसवण्याचा खर्चही बहुधा त्याचाच जास्त.

माझा कौल तरीही नव्या घरात पंपाला. भिंतींना, छताला चांगलं इन्सुलेशन आणि फरशीखाली गरम पाण्याच्या नळ्या सुरुवातीलाच घालता येतात, आणि मग 35 अंशांचं पाणी पुरतं. जुन्या घरात हेच करायचं म्हणजे फरशा उखडणं आलं. पंप बसवणाऱ्याला कंपनी विचारण्याआधी दोन आकडे विचारा: ऐन थंडीत घरातून किती किलोवॉट उष्णता बाहेर जाते, आणि त्या दिवशी पाणी किती अंशांवर ठेवावं लागेल. ते न काढताच कोणी 'थोडा मोठाच घेऊ' म्हणाला, तर दुसरा माणूस शोधा. गरजेपेक्षा मोठा पंप सारखा चालू-बंद होतो, आणि कंप्रेसर लवकर झिजतो.