पार्श्वभूमी : साथीच्या काळात वृद्धाश्रमातली खुशाली घरापर्यंत

मराठीत ‘नर्सिंग होम’ म्हटले की दहा-पंधरा खाटांचे खाजगी रुग्णालय किंवा प्रसूतिगृह डोळ्यांसमोर येते. वयामुळे परावलंबी झालेली माणसे जिथे कायमची राहतात, त्या जागेला आपण वृद्धाश्रम म्हणतो. हा शब्दभेद किरकोळ नाही. नर्सिंग होम १९४९ च्या नोंदणी कायद्याखाली येते, तर वृद्धाश्रम बहुधा धर्मादाय विश्वस्त संस्थेच्या नावावर चालतो. त्यामुळे साथ आली असता आत काय चालले आहे हे तिथल्या रहिवाशांना आणि त्यांच्या घरच्यांना सांगण्याचे बंधन नेमके कोणावर, हा प्रश्न आपल्याकडे दीर्घकाळ कोणाच्याच वाट्याला आला नाही.

कोकणाला दूरवरून खुशाली कळवण्याची सवय जुनी आहे. कमावता माणूस मुंबईत, गिरणीत किंवा गोदीत, आणि म्हातारे आईवडील वाडीवर, अशी विभागणी चार-पाच पिढ्या चालली. मनीऑर्डरच्या फॉर्मला जोडलेल्या कुपनावर दोन ओळी लिहायला जागा असे, आणि पैसे मोजून देताना पोस्टमन त्या ओळी वाचूनही दाखवत असे. म्हणजे निरोप पोहोचवणारा माणूस ओळखीचा होता, त्याच्यावर भरवसा होता, आणि उत्तर लिहून द्यायलाही तोच होता. पुढे गावे रिकामी होत गेली. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या दहा वर्षांपूर्वीपेक्षा कमी भरली. मुले मुंबई-पुण्यात किंवा आखातात, घराला कुलूप, आणि मागे राहिलेल्या आईला एकटे ठेवता येत नाही म्हणून वृद्धाश्रम, असा प्रवास त्यानंतर अनेक कुटुंबांनी केला. पोस्टमनची जागा आता आश्रमाच्या व्यवस्थापकाच्या मोबाइलने घेतली; मात्र हा व्यवस्थापक आत डोकावू पाहणाऱ्यांसाठी एकमेव खिडकी होता, आणि ती खिडकी कधी उघडायची हे त्याच्यावरच सोपवलेले होते.

बंद दारामागे काय चालले आहे हे न कळल्याने काय होते, याचा धडा मुंबईने १८९६ च्या प्लेगमध्ये घेतला होता. रुग्णाला घरातून उचलून नेत, नातेवाइकांना भेट मिळणे कठीण असे, आणि पुष्कळदा थेट मृत्यूचीच वार्ता येई. रुग्णालयात नेलेल्या माणसाला मारूनच टाकतात, ही अफवा त्या पोकळीत वाढली. २९ ऑक्टोबर १८९६ रोजी गिरणी कामगारांच्या मोठ्या जमावाने आर्थर रोडच्या रुग्णालयावर, म्हणजे आजच्या कस्तुरबा रुग्णालयावर, हल्ला केला. शहर सोडून निघालेल्या हजारो माणसांबरोबर या गोष्टी बोटीने आणि पायवाटेने गावोगाव गेल्या असतील, असे मानायला जागा आहे. काही महिन्यांतच, १८९७ मध्ये, साथरोग कायदा झाला. मूळचा तो अवघ्या चार-पाच कलमांचा होता: सरकारचे अधिकार, जहाजांची तपासणी, शिक्षा आणि अधिकाऱ्यांना संरक्षण. अडकवून ठेवलेल्या माणसाच्या घरच्यांना काय आणि केव्हा कळवायचे, याबद्दल त्यात एक शब्दही नाही. मार्च २०२० मध्ये महाराष्ट्राने कोविडसाठी लागू केला तो हाच कायदा.

टाळेबंदी सुरू होताच वृद्धाश्रमांनी दारे बंद केली, आणि ते योग्यच होते, कारण साठीपुढच्या माणसांना या रोगाचा धोका सर्वाधिक होता. पण कोकणात दार बंद होण्याबरोबर वाटही बंद झाली. रेल्वेची प्रवासी वाहतूक थांबली, जिल्ह्याच्या हद्दीवर पास लागू लागला, आणि मुंबईहून आलेल्या माणसाला गावच्या शाळेत विलगीकरणात राहावे लागले. गणेशोत्सवासाठी येणाऱ्या चाकरमान्यांनाही ऑगस्टमध्ये दहा दिवसांच्या विलगीकरणाची अट होती. अशा वेळी फोन हाच एकमेव धागा उरला. तोही ३ जून २०२० रोजी तुटला: निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनच्या आसपास किनाऱ्यावर आदळले, आणि श्रीवर्धन, म्हसळा, मंडणगड, दापोली या पट्ट्यात विजेचे खांब आणि मोबाइलचे मनोरे पडले. काही गावांत वीज यायला आठवडे लागले. रेंज मिळावी म्हणून सड्यावर किंवा घाटीच्या वळणावर जाऊन उभी राहणारी माणसे त्या जूनमध्ये जागोजागी दिसत. ज्यांचे आईवडील आश्रमात होते, त्यांच्यासाठी रोग आणि वादळ ही दोन वेगळी संकटे नव्हती. दोन्हींचा अर्थ एकच होता, की आई कशी आहे हे कळत नाही.

हा प्रश्न कायद्याच्या भाषेत मांडण्याचा एक स्पष्ट प्रयत्न त्याच वर्षी अमेरिकेत झाला. तिथे ‘नर्सिंग होम’ म्हणतात त्या शुश्रूषागृहांत दीर्घकाळ राहणाऱ्यांना १९८७ च्या सुधारणा कायद्याने हक्क दिलेले होते, आणि रहिवाशाच्या प्रकृतीत मोठा बदल झाल्यास घरच्यांना कळवणे संस्थेला बंधनकारक होते. फेब्रुवारी २०२० च्या अखेरीस वॉशिंग्टन राज्यातील कर्कलंड येथील एका शुश्रूषागृहात साथ पसरली, मार्चमध्ये देशभर भेटी बंद झाल्या, आणि बाहेर उभ्या राहिलेल्या कुटुंबांना आतल्या बाधितांची संख्या वृत्तपत्रांतून कळू लागली. मे महिन्यात केंद्रीय यंत्रणेने नियम केला: एकाही रहिवाशाला किंवा कर्मचाऱ्याला कोविड झाल्याचे निश्चित झाले, अथवा ७२ तासांत तीन किंवा अधिक जणांना श्वसनाची नवी लक्षणे दिसली, तर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत सर्व रहिवाशांना आणि त्यांच्या कुटुंबांना कळवायचे. रुग्णाची ओळख उघड करायची नाही. संसर्ग रोखण्यासाठी काय केले जात आहे ते मात्र सांगायचे, आणि पुढची माहिती निदान आठवड्याला द्यायची. मला यातली वेळेची मर्यादा सर्वांत मोलाची वाटते, कारण ‘लवकर कळवू’ याला कोणी जाब विचारू शकत नाही, पाच वाजण्याला विचारू शकतो. ओळख न सांगण्याची अटही तितकीच महत्त्वाची आहे. आपल्याकडे पहिल्या लाटेत बाधितांची नावे आणि वाड्या व्हॉट्सॲपवर फिरत होत्या, आणि ज्यांना खरोखर कळायला हवे होते त्या घरांना ते तिथूनच कळे.

त्या नियमात रहिवाशांचे नाव कुटुंबांच्या आधी होते, हे मुद्दाम सांगायला हवे. आपल्याकडे म्हाताऱ्या माणसाला वाईट बातमी सांगू नये असे प्रेमाने म्हटले जाते. शेजारची खाट रिकामी दिसली की ‘आजी मुलाकडे गेल्या’ असे सांगितले जाते. पण दिवसभर दूरदर्शन संचावर आकडे ऐकणाऱ्या माणसाला खाट का रिकामी आहे ते समजतेच, आणि आपल्याला कोणी खरे सांगत नाही हेही समजते. त्यात ऐकू कमी येणारे, ओठांच्या हालचालींवरून शब्द ओळखणारे, सेविकेच्या मास्कमुळे आणखी एकटे पडले. पाटीवर ठळक अक्षरात लिहून दाखवणे, जेवणाच्या आधी रोज एकाच माणसाने त्या दिवसाची स्थिती सांगणे आणि मालवणीत बोलणाऱ्याला मालवणीतच सांगणे, एवढ्याने पुष्कळ साधते, आणि त्याला खर्च येत नाही.

आपल्या कायद्यात यासाठी जागा नाही असे नाही. आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाह आणि कल्याणासाठी २००७ साली झालेल्या कायद्याचे कलम १९ प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० निराधार ज्येष्ठांना सामावणाऱ्या वृद्धाश्रमाची कल्पना मांडते, आणि आश्रमांच्या व्यवस्थापनाची योजना व सेवांचे दर्जे ठरवण्याचा अधिकार राज्याला देते. त्या कलमात वैद्यकीय सेवेचा आणि करमणुकीच्या साधनांचा उल्लेख आहे, साथीतल्या खबरबातीचा नाही. जानेवारी २०२१ मध्ये महाराष्ट्राने नर्सिंग होमच्या नियमांत सुधारणा करून रुग्णहक्कांची सनद घातली आणि माहिती मिळण्याचा हक्क त्यात आला, पण ती सनद रुग्णालयांसाठी आहे. त्याच वर्षी १४५६७ ही ज्येष्ठांसाठीची राष्ट्रीय मदतवाहिनीही सुरू झाली. तिच्यावर ज्येष्ठांना मार्गदर्शन आणि आधार मिळतो. दापोलीच्या एखाद्या आश्रमात आज सकाळी आई जेवली का, हे विचारायला मात्र मुलगा अजूनही व्यवस्थापकाचाच नंबर फिरवतो.