बदल केलेल्या स्मार्टफोनवरील ॲप-सुसंगतता

बदल केलेल्या स्मार्टफोनवरील ॲप-सुसंगतता : उत्पादकाने दिलेली मूळ प्रणाली बदललेल्या, म्हणजे रूट केलेल्या (प्रणालीचे सर्वाधिकार वापरकर्त्याने घेतलेल्या), बूटलोडर (फोन सुरू होताना प्रणाली चालू करणारा प्रोग्राम) अनलॉक केलेल्या किंवा कस्टम रॉम (उत्पादकाऐवजी इतरांनी बांधलेली प्रणाली) टाकलेल्या फोनला ॲप-स्टोअरने एखादे ॲप नाकारणे आणि त्या नकारातून वापरकर्त्यांनी काढलेले मार्ग, हा या नोंदीचा विषय आहे. हा प्रश्न प्रामुख्याने अँड्रॉइडचा आहे, कारण अँड्रॉइडचा गाभा मुक्त स्रोत असल्याने कोणालाही त्याची स्वतःची आवृत्ती बांधता येते. मात्र ज्या प्ले स्टोअरवर बहुतेक ॲप मिळतात ते आणि त्याला लागणाऱ्या गूगल प्ले सेवा मुक्त नाहीत, त्या परवान्याने मिळतात. प्रणाली मोकळी आणि दुकान बंदिस्त, या विसंगतीतूनच पुढचा सगळा इतिहास घडला आहे.

ॲप आपल्या उपकरणाशी सुसंगत नाही, असा एकच त्रोटक संदेश स्टोअर दाखवते. त्यामागे मात्र तीन अगदी निराळी कारणे असू शकतात. फोनला ते ॲप खरोखरच चालवता येत नसेल. फोनला चालवता येत असूनही त्याने स्वतःविषयी दिलेली माहिती ॲपच्या अटींशी जुळत नसेल. किंवा फोन सर्वार्थाने सक्षम असूनही त्याच्यावर विश्वास ठेवायचा नाही असे ॲपच्या निर्मात्याने ठरवलेले असेल. यांपैकी कोणते कारण लागू आहे हे संदेश सांगत नाही, आणि पहिल्या कारणावर दुसऱ्याचा किंवा तिसऱ्यावर दुसऱ्याचा उपाय करत बसल्याने या क्षेत्रातील बरेचसे श्रम वाया जातात.

स्टोअरची चाळणी : प्रत्येक ॲपसोबत मॅनिफेस्ट नावाची एक फाइल असते. अँड्रॉइडची किमान कोणती आवृत्ती लागेल, कोणते हार्डवेअर हवे, कोणत्या आकाराचे पडदे चालतील हे तिच्यात लिहिलेले असते. दुसऱ्या बाजूने फोन गूगलच्या सर्व्हरला स्वतःचे वर्णन कळवतो : मॉडेल, पडद्याची घनता (एका इंचात मावणारे ठिपके), प्रोसेसरचा प्रकार, कॅमेरा-ब्लूटूथसारख्या सोयींची यादी. या दोन कागदांचा मेळ बसला नाही तर ॲप शोधयादीतून गायब होते किंवा ‘इन्स्टॉल’ची कळ उमटत नाही. स्टोअर फोन तपासत नाही, फोनने भरलेला अर्ज तपासते, ही गोष्ट येथे महत्त्वाची आहे.

या व्यवस्थेत काही अटी न लिहिताच गृहीत धरल्या जातात. एखाद्या ॲपने फोन लावण्याची परवानगी मागितली की त्याला दूरध्वनीची सोय लागतेच असे स्टोअर मानते, मग ती परवानगी ॲपच्या एखाद्या कोपऱ्यातील ‘ग्राहक सेवेला फोन करा’ या कळीपुरतीच का असेना. त्यामुळे सिमकार्डाची जागा नसलेल्या टॅब्लेटला निव्वळ वाचनाचे ॲपही नाकारले जाऊ शकते. निर्मात्याने मॅनिफेस्टमध्ये ही सोय ऐच्छिक असल्याची एक ओळ घातली की प्रश्न मिटतो. पण अनेक जण ती घालत नाहीत. कस्टम रॉममध्ये हीच अडचण उलट्या बाजूने येते. उपलब्ध सोयींची यादी प्रणालीच्या परवानगी-फोल्डरमधील छोट्या एक्सएमएल फायलींवरून ठरते, आणि रॉम बांधणाऱ्याकडून त्यांतली एखादी राहून गेली तर फोनमध्ये असलेला सेन्सर स्टोअरच्या लेखी अस्तित्वात नसतो. राहिलेली फाइल जागेवर ठेवणे हा येथे सरळ आणि रास्त उपाय आहे.

पडद्याच्या घनतेचे प्रकरण : दुसऱ्या प्रकारच्या कारणाचे सर्वांत बोलके उदाहरण २०१० नंतरच्या दोन-तीन वर्षांतले आहे. अँड्रॉइडमध्ये पडद्याची घनता १२०, १६०, २४०, ३२० अशा ठरावीक पायऱ्यांनी मोजली जाई, आणि हा आकडा सिस्टीम विभागातील बिल्ड-प्रॉप या साध्या मजकुराच्या फायलीत एका ओळीत लिहिलेला असे. सायनोजेनमॉडसारखा रॉम टाकलेल्या फोनवर ती ओळ बदलणे हा मिनिटाभराचा खेळ होता. २४० च्या जागी २०० लिहून फोन रीस्टार्ट केला की अक्षरे आणि आयकॉन लहान होत, पडद्यावर अधिक मजकूर मावे आणि फोन जणू मोठा झाल्यासारखा वाटे. परंतु स्टोअरला आता २०० हा आकडा कळवला जाई. ज्या ॲपच्या मॅनिफेस्टमध्ये सुसंगत पडद्यांची नेमकी यादी दिलेली असे त्यांच्या दृष्टीने असा पडदा जगात नव्हताच, म्हणून काल चालत असलेले ॲप आज ‘असुसंगत’ ठरे. हार्डवेअरचा एक स्क्रूही हललेला नसे.

यावरचा रूढ उपाय असा होता : आकडा पुन्हा २४० करायचा, फोन रीस्टार्ट करायचा, सेटिंग्जमध्ये जाऊन प्ले स्टोअरचा साठवलेला डेटा पुसायचा, स्टोअर उघडून फोनला आपले वर्णन नव्याने कळवू द्यायचे, हवे ते ॲप उतरवून घ्यायचे आणि मग हौसेचा आकडा परत लिहायचा. घाईत काही जण प्ले स्टोअरबरोबर गूगल सर्व्हिसेस फ्रेमवर्क या गूगलच्या पायाभूत सेवा-ॲपचाही डेटा पुसत. त्याने काम होई, पण फोनचा अँड्रॉइड ओळख-क्रमांक बदले आणि इतर ॲपना येणाऱ्या सूचना काही काळ बंद पडत. प्रत्येक अपडेटला ही कसरत नको म्हणून कोणत्याही घनतेला चालणाऱ्या, फेरफार केलेल्या प्ले स्टोअरच्या प्रती हातोहात फिरू लागल्या. खात्याच्या चाव्या ज्या ॲपच्या हाती असतात त्याचीच अनोळखी माणसाने बदललेली प्रत वापरणे हा मूळ अडचणीपेक्षा मोठा धोका होता. रूट केलेल्या फोनवर ॲपचे वर्तन बदलू देणाऱ्या, २०१२ मध्ये आलेल्या एक्सपोज्ड या चौकटीमुळे घनता ॲपगणिक वेगळी ठेवणे शक्य झाले, तर २०१६ च्या अँड्रॉइड ७ मध्ये गूगलनेच सेटिंग्जमध्ये पडद्यावरील आकार बदलण्याची सोय दिली. आडमार्गाने चाललेली एखादी रीत पुढे राजमार्ग होते, त्यातलाच हा प्रकार.

साइडलोड आणि त्याच्या मर्यादा : स्टोअरने नाकारलेले ॲप एपीके फायलीतून (ज्या फायलीतून अँड्रॉइडवर ॲप बसवले जाते तिच्यातून) थेट बसवण्याला साइडलोड करणे म्हणतात. जुन्या काळी एका ॲपची एकच एपीके असे, ती मित्राच्या फोनवरून घेतली तरी भागे. ऑगस्ट २०२१ पासून प्ले स्टोअरवर येणाऱ्या नव्या ॲपना ॲप बंडल हा प्रकार सक्तीचा झाला. त्यात स्टोअर प्रत्येक फोनसाठी तुकडे निवडून पाठवते : एक मुख्य भाग, एक प्रोसेसरनुसार, एक पडद्याच्या घनतेनुसार आणि एक भाषेनुसार. इंग्रजीत ठेवलेल्या फोनवरून उचललेल्या संचात ॲपचा मराठी मजकूर सहसा येतच नाही. तो दिसला नाही तरी ॲप चालते, पण प्रोसेसरचा तुकडा राहिला तर ॲप उघडताक्षणी बंद पडते. म्हणून सर्व तुकडे एकत्र बसवणारे इन्स्टॉलर किंवा संगणकावरून एडीबी या अँड्रॉइडला आज्ञा देणाऱ्या साधनाची आज्ञा वापरावी लागते. ऑरोरा स्टोअर हे मुक्त ॲप प्ले स्टोअरच्याच सर्व्हरवरून असे संच उतरवते आणि फोनऐवजी दुसऱ्या एखाद्या मॉडेलचे वर्णन पाठवण्याची सोयही देते. गूगलच्या सेवा-अटींत मात्र ते बसत नाही. एफ-ड्रॉइड या २०१० पासूनच्या भांडारात फक्त मुक्त स्रोत ॲप असतात, तेथे हा प्रश्नच फारसा उद्भवत नाही.

साइडलोडने चाळणी टळते, अक्षमता टळत नाही. पिक्सेल ७ सारखे फक्त ६४ बिट ॲप चालवणारे फोन २०२२ मध्ये आले, त्यांवर जुने ३२ बिट ॲप कोणत्याही वाटेने आणले तरी चालत नाही. अँड्रॉइड १४ तर अँड्रॉइड ६ च्याही आधीच्या नियमांनुसार लिहिलेले ॲप बसवूच देत नाही, कारण घातक ॲप जुन्या, सैल परवानगी-पद्धतीचा आडोसा घेत असत. एडीबीतून ही अट ओलांडण्याची पळवाट ठेवलेली आहे, पण ती चाचणी करणाऱ्यांसाठी.

विश्वासाची कसोटी : गूगल आणि रॉमनिर्माते यांच्यातला पहिला जाहीर खटका सप्टेंबर २००९ मध्ये उडाला. सायनोजेनमॉडमध्ये गूगलची ॲप अंतर्भूत करण्यास हरकत घेणारे पत्र गूगलने प्रकल्पाचा प्रवर्तक स्टीव्ह कोंडिक याला पाठवले. तेव्हापासून रॉम वेगळा आणि गूगल ॲपचा ‘जीॲप्स’ संच वेगळा, अशी प्रथा पडली आणि डिसेंबर २०१६ मध्ये सायनोजेनमॉड बंद पडून त्याचे काम लिनिएजओएस या नावाने सुरू झाले तरी ती टिकून राहिली.

खरा बदल सेफ्टीनेट या तपासणी-सेवेने झाला. फोनच्या प्रणालीत फेरफार झाला आहे का, हे ॲपला गूगलमार्फत विचारता येऊ लागले. २०१५ च्या अँड्रॉइड पे या गूगलच्या पैसे देण्याच्या ॲपने याचा वापर केला. ऑक्टोबर २०१६ पासून नुसता बूटलोडर अनलॉक असला तरी फोन नापास होऊ लागला. आणि मे २०१७ मध्ये निर्मात्यांना अशा फोनवर आपले ॲप स्टोअरमध्येच न दाखवण्याचा पर्याय मिळाला. नेटफ्लिक्स लगेचच रूट केलेल्या फोनच्या प्ले स्टोअरमधून दिसेनासे झाले, पण एपीके बसवल्यास तेव्हा ते चालत होते. मार्च २०१८ पासून गूगलने प्रमाणित नसलेल्या फोनवर आपल्या ॲपमध्ये लॉग-इन अडवणे सुरू केले, तेव्हा कस्टम रॉम वापरणाऱ्यांसाठी एक वैध दार उघडे ठेवले : फोनचा अँड्रॉइड ओळख-क्रमांक आपल्या खात्यावर नोंदवला की गूगलची ॲप चालू होतात. या नोंदणीने स्टोअर मिळते, सेफ्टीनेटचा दाखला मात्र मिळत नसे. या दोहोंत नवशिक्यांची गल्लत नेहमी होते.

दाखला मिळवण्याच्या खटपटींत मॅजिस्क हे साधन सर्वांत प्रसिद्ध ठरले. जॉन वू याने २०१६ मध्ये तयार केलेले हे साधन सिस्टीम विभागाला हात न लावता बूट प्रतिमेतून (फोन सुरू होताना प्रथम वाचल्या जाणाऱ्या भागातून) रूट मिळवून देत असे आणि निवडक ॲपपासून ते लपवीतही असे. तो २०२१ मध्ये गूगलमध्ये रुजू झाला आणि त्यानंतरच्या आवृत्त्यांतून लपवण्याचा तो भाग काढून टाकण्यात आला. इतरांनी मॉड्यूल लिहून ते काम पुढे चालवले. या मॉड्यूलांची युक्ती पुन्हा अर्जातली माहिती बदलण्याचीच होती : फोन स्वतःचे बिल्ड फिंगरप्रिंट, म्हणजे उत्पादक-मॉडेल-आवृत्ती यांची एक लांबलचक ओळ, सोडून एखाद्या जुन्या प्रमाणित फोनचे सांगे, जेणेकरून त्याच्याकडे हार्डवेअरमधील पुरावा मागितला जाऊ नये. गूगल असे फिंगरप्रिंट ओळखून बाद करी, वापरकर्ते दुसरे शोधत.

या पाठशिवणीचा शेवट जवळ आणला तो हार्डवेअरमधील पुराव्याने. नव्या फोनमध्ये प्रोसेसरच्या सुरक्षित भागात उत्पादकाने घातलेली एक गुप्त किल्ली असते. बूटलोडर बंद आहे की उघडा हे त्या किल्लीने सही करून कळवले जाते आणि मुख्य प्रणालीला, रूट असले तरी, ही सही खोटी करता येत नाही. २०२२ मध्ये सेफ्टीनेटची जागा घ्यायला आणलेली प्ले इंटिग्रिटी ही सेवा मूलभूत, उपकरण आणि सबळ अशा तीन पायऱ्यांचा निकाल देते. मे २०२५ पासून अँड्रॉइड १३ व पुढच्या फोनना मधल्या पायरीसाठीही हार्डवेअरचा पुरावा सक्तीचा झाला. त्यानंतर उरलेल्या वाटा बाहेर फुटलेल्या किल्ल्यांवर अवलंबून आहेत. त्या रद्द होत राहतात, आणि दुसऱ्याच्या किल्लीने सही करणे ही आता सेटिंग बदलण्याची गोष्ट राहिलेली नाही.

भारतात याचा फटका सर्वाधिक बसतो तो बँकांच्या आणि यूपीआयच्या ॲपमध्ये. जुन्या फोनला उत्पादकाचे अपडेट मिळणे बंद झाले म्हणून लिनिएजओएस टाकणारा वापरकर्ता सुरक्षिततेच्या दृष्टीने बहुधा पुढेच गेलेला असतो, तरी त्याचे पैशांचे ॲप उघडत नाही. तर कित्येक वर्षांत एकही सुरक्षा-दुरुस्ती न मिळालेला, पण मूळ प्रणालीचा जुना फोन उपकरणाची पायरी निर्धोक पार करतो. ग्राफीनओएस ही प्रणाली बूटलोडर पुन्हा बंद करून, स्वतःच्या किल्लीने पडताळून चालते, आणि गूगल प्ले सेवांना कोणतेही विशेष अधिकार न देता साध्या ॲपप्रमाणे वेगळ्या कप्प्यात चालवते. तीही प्ले इंटिग्रिटीत उपकरणाच्या पायरीवर अडते. अँड्रॉइडची मूळ हार्डवेअर-पडताळणी वापरून ग्राफीनओएसची किल्ली मान्य करण्याचा मार्ग ॲप-निर्मात्यांना खुला आहे, पण तो पत्करणारे थोडे. म्हणजे ही कसोटी फोन सुरक्षित आहे का यापेक्षा तो गूगलच्या प्रमाणपत्राखाली आहे का, हे अधिक नेमकेपणाने सांगते. व्यवहारात अशा फोनवर बँकेचे संकेतस्थळ ब्राउझरमधून वापरणे किंवा व्यवहारांपुरता दुसरा, मूळ प्रणालीचा फोन ठेवणे हेच टिकाऊ उपाय आहेत.

कायदेशीर बाजू : भारतीय स्पर्धा आयोगाने २० ऑक्टोबर २०२२ रोजी अँड्रॉइडसंबंधीच्या प्रकरणात गूगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला आणि अँड्रॉइडच्या वेगळ्या आवृत्त्या काढण्यापासून उत्पादकांना रोखणाऱ्या करारांवर निर्बंध घातले. मार्च २०२३ मध्ये राष्ट्रीय कंपनी कायदा अपील न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला, परंतु आयोगाचे काही निर्देश रद्द केले. आदेशाचा रोख गूगल आणि फोनचे उत्पादक यांच्यातील करारांवर होता. विकत घेतलेल्या फोनची प्रणाली स्वतः बदलणाऱ्या ग्राहकाला बँकेच्या किंवा अन्य कोणत्या ॲपने सेवा द्यावी की नाही, हा प्रश्न त्याच्या कक्षेत आला नाही.