यूव्हीने पाण्यातले जंतू मरतात, पण नवीन काय तयार होतं?

यूव्ही म्हणजे अतिनील किरणांबद्दल आपल्याकडे एक समज पक्का बसलाय की हा नुसता प्रकाश, पाण्यात काही टाकायचं नाही, क्लोरीनसारखा वास नाही, म्हणजे साइड इफेक्टही नाही. घरच्या प्युरिफायरपुरतं हे बऱ्यापैकी खरंय. पण शहराला पाणी पुरवणाऱ्या मोठ्या प्लांटमध्ये कुठला दिवा लावलाय आणि पाण्यात आधीपासून काय विरघळलंय यावर सगळं ठरतं, आणि याचं छान तपासलं गेलेलं उदाहरण आहे नेदरलँड्समधल्या आंडाइकचं.

आंडाइकचा प्लांट आयसलमीर या भल्यामोठ्या तलावाचं पाणी घेतो. तिथे ऱ्हाइनचं पाणी येतं, म्हणजे वाटेतल्या शेतीची कीटकनाशकं, तणनाशकं थोडीफार सोबत आलीच. आधी तिथे क्लोरीन वापरायचे. पण 1974 मध्ये रॉटरडॅमच्या योहानेस रूक यांनी दाखवून दिलं की क्लोरीन आणि पाण्यातला कुजलेल्या पाल्याचा अंश एकत्र आले की क्लोरोफॉर्मसारखी द्रव्यं तयार होतात, मग जगभर पर्याय शोधणं सुरू झालं. ओझोन वापरावा तर या तलावात ब्रोमाइड नावाचा क्षार बराच, त्याचं ब्रोमेट होतं आणि ते कॅन्सरच्या संशयितांच्या यादीत. म्हणून 2004 मध्ये यूव्ही आणि हायड्रोजन पेरॉक्साइड अशी जोडी बसवली. नुसते जंतू मारायला साधारण 40 मिलिज्यूल प्रति चौरस सेंटीमीटर डोस पुरतो, इथे तो 540 च्या आसपास ठेवला, कारण कीटकनाशकांचे रेणूही फोडायचे होते.

आता दिव्याचं बघू. लो प्रेशर मर्क्युरी लॅम्पचा जंतू मारणारा प्रकाश जवळजवळ सगळा 254 नॅनोमीटर तरंगलांबीवरच असतो. मीडियम प्रेशर लॅम्प मात्र 200 पासून पुढे पसरलेला प्रकाश देतो, पॉवर जास्त म्हणून कमी दिव्यांत काम भागतं, मोठ्या प्लांटला ते सोयीचं, आंडाइकला हेच होते. गोची अशी की पाण्यातला नायट्रेट हा नायट्रोजनचा क्षार 240 च्या खालचा प्रकाश भरपूर शोषतो आणि फुटतो. काही नायट्रेटचं नायट्राइट होतं, ज्याची लहान बाळांच्या बाबतीत जास्त काळजी असते आणि म्हणून प्लांटमधून बाहेर पडणाऱ्या पाण्यासाठी युरोपात मर्यादा लिटरला फक्त 0.1 मिलिग्रॅम आहे. आणि काही नायट्रेटपासून नायट्रोजनचे आक्रमक तुकडे सुटतात, ते पाण्यातल्या सेंद्रिय पदार्थांना जाऊन चिकटतात आणि नायट्रोफेनॉलसारखी नवीन द्रव्यं बनतात. क्लोरीन टाळायला गेलो, ओझोन टाळला, आणि आगीतून फुफाट्यात!

हे कळलं कसं? एखाद्या द्रव्याने डीएनएत बदल होतो का हे बघायची एक चाचणी आहे, एम्स टेस्ट. तिच्यात साल्मोनेलाचा असा वाण घेतात ज्याला हिस्टिडीन नावाचं अमिनो आम्ल स्वतः बनवता येत नाही, मग हिस्टिडीन जवळपास नसलेल्या प्लेटवर तो वाढतच नाही, पण एखाद्या द्रव्याने त्याच्या डीएनएत बदल झाला आणि हरवलेली क्षमता परत आली तर तिथे वसाहत दिसते. वसाहती मोजायच्या, बास. मीडियम प्रेशर यूव्हीनंतरच्या पाण्याच्या अर्कात त्या वाढलेल्या दिसल्या. मग संशोधकांनी एक भारी युक्ती केली, नायट्रोजनचा जड समस्थानिक, म्हणजे 15 वजनाचा, घातलेला नायट्रेट वापरला आणि मास स्पेक्ट्रोमीटर या रेणूंचं वजन मोजणाऱ्या यंत्रावर तो जड नायट्रोजन कुठल्या कुठल्या रेणूंत जाऊन बसलाय ते शोधलं. असे ऐंशीच्या वर पदार्थ सापडले, त्यात 4-नायट्रोफेनॉल, 4-नायट्रोकॅटेकॉल वगैरे.

इथे लगेच घाबरून जायचं कारण नाही. ही टेस्ट साध्या पाण्यावर नाही, हजारो पटीने घट्ट केलेल्या अर्कावर होते, आणि ही द्रव्यं लिटरमागे नॅनोग्रॅममध्ये होती. शिवाय आंडाइकला यूव्हीनंतर ॲक्टिव्हेटेड कार्बनचा फिल्टर आहेच, तो मुळात उरलेलं पेरॉक्साइड काढायला होता, पण त्याने ही नवी द्रव्यंही बरीचशी धरली आणि एम्सचा निकाल पुन्हा खाली आला. माझ्या मते खरी काळजी तिथे, जिथे मीडियम प्रेशर दिवे आहेत, नायट्रेट आहे आणि पुढे कार्बन नाही, वर शेवटी क्लोरीनही मारतात, कारण मग क्लोरोपिक्रिन नावाचं आणखी एक द्रव्य वाढतं. सोपा उपाय म्हणजे दिव्याभोवतीची क्वार्ट्झची नळी अशी घ्यायची जी 240 च्या खालचा प्रकाश अडवते. जंतू मारण्याचं बरंचसं काम 254 च्या आसपासच होतं, त्यामुळे फारसं काही बिघडत नाही.

आणि घरचा प्युरिफायर? त्यात सहसा छोटा लो प्रेशर दिवा असतो, डोसही कमी, त्यामुळे नायट्राइटची भानगड जवळजवळ नाहीच. पण त्याचाच दुसरा अर्थ असा की विदर्भ-मराठवाड्यात बऱ्याच बोअरच्या पाण्यात नायट्रेट आपल्या 45 मिलिग्रॅमच्या मर्यादेच्या वर असतो, तो नुसत्या यूव्हीतून जसाच्या तसा ग्लासात येतो. उकळूनही जात नाही, उलट पाणी आटलं की थोडा वाढतोच. त्यासाठी आरओ लागतो, नाहीतर दुसरा पाण्याचा सोर्स, आणि त्याआधी एकदा बोअरचं पाणी लॅबमध्ये तपासून घ्यावं लागतं.