खुल्या आवाजाची ओढ: थेट ध्वनिमुद्रणांची पार्श्वभूमी आणि विदर्भातले श्रोते

एखाद्या गायकाचा भर कार्यक्रमात टिपलेला, मोजक्या साथीचा आणि मागाहून फारसा न घासलेला अल्बम निघाला की अनेकदा त्याच गाण्यांच्या स्टुडिओतल्या आवृत्त्या त्याच्यापुढे फिक्या वाटू लागतात, हा अनुभव जगभरचा आहे. अमरावती, वर्धा, यवतमाळ या जिल्ह्यांतल्या खेड्यांत तो मोबाइलवर फिरणाऱ्या खंजिरी भजनांच्या रूपाने येतो. कीबोर्ड आणि ऑक्टोपॅडच्या साथीने सजवलेली भजने हाताशी असतानाही मंडपात मुद्रित झालेले, गायकाचा श्वास आणि समोरच्यांची दाद ऐकू येणारे भजन लोक आवर्जून एकमेकांना पाठवतात. या आवडीला नवी फॅशन म्हणणे मला पटत नाही, कारण तिची मुळे ध्वनिमुद्रणाच्या इतिहासात आणि इथल्या गाण्याच्या रीतीत खोलवर गेलेली आहेत.

भारतात गायकांचे व्यावसायिक ध्वनिमुद्रण 1902 मध्ये कोलकात्यात सुरू झाले. गौहर जान आणि त्या काळातले इतर कलावंत एका कर्ण्यासमोर उभे राहून मोठ्या आवाजात गात, आणि तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटे मावत असल्यामुळे रागाचा विस्तार तेवढ्यातच उरकावा लागे. काटछाटीची सोयच नसल्याने ही मुद्रणे नाइलाजाने का होईना अस्सल होती, मात्र एक गोष्ट त्यांतून पहिल्याच दिवशी वगळली गेली, ती म्हणजे श्रोता. पुढे 1925 पासून मायक्रोफोनवर आधारलेले मुद्रण रूढ झाले, दुसऱ्या महायुद्धानंतर चुंबकीय फीत आली, फीत कापून जोडता येऊ लागली, आणि अनेक पट्ट्यांवर वेगवेगळे मुद्रण करण्याच्या तंत्रामुळे गायक आणि वादक यांनी एका वेळी एका खोलीत असण्याचीही गरज उरली नाही. 1997 मध्ये सूर दुरुस्त करणारे ऑटो-ट्यून बाजारात आले, तेव्हा चुकण्याची शक्यताच गाण्यातून काढून टाकता येण्याची सोय झाली.

या सफाईला उलटे वळण देणारी मुद्रणेही याच काळात झाली. अमेरिकी गायक जेम्स ब्राऊन याने ऑक्टोबर 1962 मध्ये न्यूयॉर्कच्या अपोलो थिएटरातला आपला कार्यक्रम स्वतःच्या खर्चाने मुद्रित करून घेतला, कारण आधीच बाजारात असलेली गाणी लोक पुन्हा विकत घेतील यावर त्याच्या कंपनीच्या मालकाचा विश्वास नव्हता. तो अल्बम प्रचंड खपला, आणि त्यात गायकाइतकाच ऐकू येतो तो समोरच्या लोकांचा आरडाओरडा. जॉनी कॅश याने 13 जानेवारी 1968 रोजी कॅलिफोर्नियातल्या फॉल्सम तुरुंगात कैद्यांसमोर गायलेली गाणी आजही ऐकली जातात. याच अल्बममधल्या एका प्रसिद्ध ओळीनंतरचा कैद्यांचा जल्लोष मात्र नंतर जोडलेला होता, हे पुढे उघड झाले. मला हा तपशील फार बोलका वाटतो, कारण थेट मुद्रणातही ऐकणाऱ्याला सर्वांत जास्त हवा असतो तो समोरच्यांचा प्रतिसाद, हे तो जोडणाऱ्यांनी नेमके ओळखले होते. 1989 मध्ये एमटीव्हीने सुरू केलेल्या ‘अनप्लग्ड’ कार्यक्रमाने, आणि विशेषतः त्यातल्या ‘निर्वाणा’ या अमेरिकी रॉक बँडच्या नोव्हेंबर 1993 मधल्या मैफलीने, कमी वाद्यांच्या गाण्याला पुन्हा प्रतिष्ठा दिली.

विदर्भातल्या खेड्यांत ही प्रतिष्ठा कधी गेलीच नव्हती. 1909 मध्ये अमरावती जिल्ह्यातल्या यावली येथे जन्मलेल्या आणि 1935 मध्ये मोझरीला गुरुकुंज आश्रम उभारणाऱ्या तुकडोजी महाराजांनी हाती खंजिरी घेऊन गावोगाव भजने म्हटली, आणि त्यांच्यानंतर हजारो भजनी मंडळांनी तीच रीत पुढे चालवली. या गाण्याची बांधणीच अशी आहे की एकट्याने ते पुरे होत नाही. मुख्य गायक ओळ टाकतो, साथीदार ध्रुवपद उचलतात, बसलेली मंडळी टाळी धरतात, आणि लोक रंगले आहेत असे दिसले की गायक तीच ओळ वेगळ्या वजनाने चारदा घेतो. थंडीच्या रात्री खंजिरीचे कातडे सैल पडले तर ती शेकोटीवर धरून पुन्हा कडक केली जाते आणि त्यानंतरच्या पहिल्याच थापेचा नाद आधीपेक्षा वेगळा असतो. चांगल्या थेट मुद्रणात हा फरक कानाला कळतो, स्टुडिओत तो दोष समजून काढून टाकतात. पूर्वेकडे भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या झाडीपट्टीतही दंडार हा लोकनाट्याचा प्रकार आणि रात्रभर चालणारी नाटके यांनी श्रोत्यांचा कान असाच घडवला आहे, कारण तिथे नट स्वतः गातात आणि वादक रंगमंचाजवळ बसून प्रत्यक्ष साथ करतात.

या साऱ्या परंपरेचा सर्वांत मौल्यवान ध्वनिपुरावा मात्र विदर्भाबाहेर टिपला गेला. 8 नोव्हेंबर 1956 रोजी मुंबईत वांद्र्याला पोलिसांसमोर गाडगेबाबांनी कीर्तन केले आणि ते मुद्रित झाले. त्यानंतर अवघ्या सहा आठवड्यांनी, 20 डिसेंबरला, अमरावतीजवळ त्यांचे निधन झाले. रूढ अर्थाने बाबा गायक नव्हते, पण प्रश्न विचारून समोरच्यांकडून उत्तर वदवून घेण्याची त्यांची पद्धत आणि मध्येच ‘गोपाला गोपाला देवकीनंदन गोपाला’चा गजर हे त्यांच्या कीर्तनाचे प्राण होते. आयुष्याच्या शेवटाकडे आलेल्या माणसाचा तो खडबडीत आवाज आणि अस्सल वऱ्हाडी बोली कोणत्याही अभ्यासू नकलेत उतरत नाही. थेट मुद्रणाचे मोल कशात आहे असे कोणी विचारले तर मी हेच कीर्तन ऐकायला सांगेन.

खेड्यापर्यंत मुद्रण पोहोचवले ते कॅसेटने. 1963 मध्ये फिलिप्सने काढलेली ही फीत 1980 च्या दशकात भारतात स्वस्त झाली, मोठ्या कंपन्यांची मक्तेदारी ढिली पडली, आणि टेपरेकॉर्डर असलेला कोणीही सप्ताहातले भजन टिपून त्याच्या प्रती काढू शकू लागला. तासाभराच्या कॅसेटची एक बाजू अर्ध्या तासात संपत असल्यामुळे भजन नेमके रंगात आले असताना तुटे, आणि फीत उलटवेपर्यंत दोन ओळी कायमच्या हरवत. अर्थात मुद्रण कच्चे आहे म्हणून ते आपोआप चांगले ठरत नाही. भोंग्याजवळ धरलेल्या मोबाइलवर चिरकलेला आवाज आणि फाटलेली खंजिरी यांत खरेपणा शोधणे व्यर्थ आहे. आज चांगले काम करणारे ध्वनिमुद्रक मिक्सरमधून गायकाचा आवाज घेतातच, शिवाय एक माइक बसलेल्या मंडळींच्या दिशेने लावतात आणि दोन्ही योग्य प्रमाणात मिसळतात.

त्या जुन्या कॅसेटी अजून घराघरांतल्या पेट्यांत आहेत. विदर्भाचा उन्हाळा फीत आखडवतो, पावसाळ्यातल्या ओलीने तिच्यावर बुरशी चढते, आणि ती वाजवणारी यंत्रे दुरुस्त करणारेही आता कमी होत चालले आहेत. मंडळांनी या फिती संगणकावर उतरवून घेताना तारीख, गाव, गायक आणि साथीदार यांची नोंद सोबत ठेवावी, आणि खोकला, टाळी किंवा मध्येच झालेली बोलणी सफाईच्या नावाखाली कापू नयेत.